पंचम नसलेला जिना

‘‘काकू, हे तुमच्यासाठी नाही. हे खूप पुढचं आहे.’’

आमच्या गिटारच्या सरांचं हे वाक्य. सर म्हणजे वय वर्षं बावीस. ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. ‘मला सर नका ना म्हणू, कसंतरीच वाटतं’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी लाजून सांगितलं होतं. पण गुरू तो गुरू! किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास चालतो. दहा-बारा शाळकरी मुलं, आणि कोपऱ्यात पदर खोचून बसलेली मी. वय शेहेचाळीस.

त्या दिवशी मी जरा लवकरच पोहोचले होते. मुलं यायची होती. सर एकटेच काहीतरी वाजवत बसले होते. ते ऐकून मी दारातच थबकले. आधी सा. मग त्याला अगदी चिकटून दुसरा सूर. मग एकदम मोठी उडी. मग सारख्या अंतरावर तीन पावलं, आणि शेवटी दोन सूर पुन्हा चिकटून, घाईघाईनं वरच्या सा ला पोहोचलेले. अंधारात जिना चढताना मधलीच एक पायरी नसावी आणि पाय हवेत पडावा, तसं झालं मला.

मी भीतभीत विचारलं, ‘‘सर, गिटार सुरात लावायची राहिली का?’’

सर हसले. म्हणाले, ‘‘गिटार सुरातच आहे काकू. स्केलच असं आहे. एनिग्मॅटिक स्केल.’’ एनिग्मा म्हणजे कोडं. कोड्यातली सरगम म्हणा ना! अमेरिकेचे इलेक्ट्रिक गिटारवादक ज्यो सॅट्रियानी हे आमच्या सरांचं दैवत. त्यांनी १९८६ च्या आपल्या ‘नॉट ऑफ धिस अर्थ’ या अल्बममध्ये याच सरगमीवर एक धून बांधली आहे. सर ती बसवत होते. मी म्हटलं, मला शिकवा. आणि त्यावर ते वाक्य आलं.

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ‘हे तुझ्यासाठी नाही’ हे मी पूर्वीही एकदा ऐकलं होतं, आणि ते ऐकून तीस वर्षं गप्प बसले होते.

नुसते ओठ हलव

आठवीत होते. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, समूहगीत बसवत होते. तालीम चालू असताना बाई आमच्या रांगेपाशी आल्या, कान देऊन ऐकलं आणि मला म्हणाल्या, ‘‘तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस. सगळ्यांचं बिघडतं.’’ संमेलनाच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत उभी राहून पूर्ण गाणंभर ओठ हलवले. घरी येताना आई कौतुकानं म्हणाली, ‘‘तुझा आवाज छान ऐकू येत होता गं!’’ मी काहीच बोलले नाही.

तेव्हापासून आरतीला मी फक्त टाळ्या वाजवते. हळदीकुंकवाला ‘तुम्ही म्हणा ना एखादं गाणं’ असा आग्रह सुरू झाला की मला हमखास स्वयंपाकघरातलं काम आठवतं. मैत्रिणींनो, तुमच्यातही अशा कितीतरी जणी असतील, मला ठाऊक आहे. आपल्याला गळा नाही, हे आपल्याला कुणीतरी एकदा सांगितलेलं असतं. आपण ते पत्रिकेतल्या राशीसारखं जन्मभर धरून बसतो.

लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची गिटार कपाटावर धूळ खात पडली. दर दिवाळीला ती पुसून परत वर ठेवायची. एका दिवाळीत मी ठेवलीच नाही. खरं सांगू? गिटार शिकायचं ठरवलं त्याचं कारण अगदी साधं होतं. गिटार वाजवायला गळा लागत नाही!

सिंथेटिक म्हणजे काय?

स्केल म्हणजे आपली सरगम. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत कोणकोणत्या सुरांवर पाय ठेवायचा, त्याची ठरलेली वाट. इटालियन भाषेत तिला ‘स्काला’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ जिना किंवा शिडी असाही होतो.

बहुतेक सरगमी पिढ्यान् पिढ्या गाण्यातून, पूजेतून, शेतातल्या कामातून घडत आलेल्या असतात. पण काही सरगमी कुणीतरी मुद्दाम, विचार करून, कागदावर रचलेल्या असतात. त्यांना संगीतात ‘सिंथेटिक’ म्हणतात. सिंथेटिक म्हटलं की आपल्याला आधी साडी आठवते! आणि ते तसंच आहे. कापूस शेतात पिकतो, नायलॉन माणूस घडवतो. आता घडवलेलं म्हणजे टाकाऊ असं थोडंच आहे? रोजच्या धुण्याला टिकणारी साडी सिंथेटिकच असते की.

या कोड्यातल्या सरगमीची तर चक्क जन्मकथा सापडते. इटलीत बोलोन्या शहरात अडोल्फो क्रेसेंटिनी नावाचे संगीताचे एक प्राध्यापक होते. त्यांनी ही विचित्र सरगम रचली आणि १८८८ साली मिलानच्या ‘गाझेत्ता म्युझिकाले’ या संगीतविषयक नियतकालिकात ती छापून आली. सोबत रचनाकारांना आवाहन होतं की, या सरगमीला साजेशी सुरांची साथ कुणी बांधून दाखवेल का? म्हणजे आपल्या पेपरात शब्दकोडं येतं ना, तसंच हे सुरांचं कोडं.

आणि हे कोडं सोडवायला बसलं कोण? तर जुझेप्पे व्हर्दी! इटलीचा सगळ्यात मोठा ऑपेरा रचनाकार. ‘आयडा’सारखे ऑपेरा लिहून जगभर नाव झालेला माणूस. १८१३ चा जन्म, म्हणजे कोडं हातात आलं तेव्हा पंचाहत्तरीचा. तरुणपणी दोन वर्षांच्या आत दोन्ही लेकरं आणि पाठोपाठ बायको गेलेली. पुढे सगळं यश पाहून झालेलं. १८८७ साली त्याचा ‘ऑथेल्लो’ रंगभूमीवर आला होता. आता आराम केला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण नियतकालिकातलं कोडं बघून त्याचे हात शिवशिवले. १८८९ मध्ये त्यानं या सरगमीवर ‘आव्हे मारिया’ ही मेरीमातेची प्रार्थना बांधली. वाद्यं नाहीत, फक्त चार प्रकारचे आवाज. पुढे १८९७ मध्ये त्यानं ती पुन्हा काढून दुरुस्त केली आणि १८९८ मध्ये आणखी तीन धार्मिक रचनांबरोबर ती छापली गेली. त्याच वर्षी पॅरिसला त्यांतल्या तीन रचना गायल्या गेल्या, ही मात्र नव्हती. घरच्या घरी सोडवलेलं कोडं ते, त्याचं काय मोठंसं, असं त्याला वाटत असावं.

मला मात्र हा म्हातारा एकदम जवळचा वाटला. पंचाहत्तरीला तो हे करू शकतो, तर शेहेचाळिशीला माझ्यासाठी हे नाही, असं कोण म्हणणार? सरांना ही गोष्ट सांगितली. त्यांनी कान पकडले आणि वही काढली.

पेटीवर करून पाहा

गिटार सगळ्यांच्या घरी नसते, पण भजनी मंडळाची पेटी बहुतेक गावात असते. तिच्यावर ही सरगम दोन मिनिटांत सापडेल. पांढरी एक हा सा धरा. मग काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात आणि पुढची पांढरी एक. झाला जिना चढून!

आपल्या भाषेत सांगायचं तर सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि, शुद्ध नि आणि वरचा सा. नीट बघा हं. निषाद दोन आहेत, पण पंचम नाहीच! उतरताना तर आणखी गंमत. पांढरी सात, काळी पाच, काळी चार इथपर्यंत तीच वाट, पण पुढे काळी तीनच्या जागी पांढरी चार घ्यायची. म्हणजे चढताना तीव्र मध्यम आणि उतरताना शुद्ध मध्यम. मग पांढरी तीन, काळी एक आणि घरी.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हा पेटी बिघडली असंच वाटेल. घाबरू नका. मलाही तसंच वाटलं होतं.

एका तारेवरचा रियाज

सरांनी मला सगळ्यात सोपी रीत सांगितली. सहा तारांच्या भानगडीत पडायचंच नाही. सगळ्यात बारीक तार, पहिली, तिच्यावरच पूर्ण सरगम चढायची. गिटारच्या दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सतारीवरचे पडदे असतात ना, तसेच. एक फ्रेट पुढे गेलं की अर्धा सूर चढतो. मोकळी तार हा सा. मग फ्रेट १, ४, ६, ८, १०, ११ आणि १२. हे सात आकडे मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले.

गिटारच्या दांडीवर वाट चुकू नये म्हणून ठिपके दिलेले असतात. माझ्या गिटारवर ते ३, ५, ७, ९ आणि १२ या घरांत आहेत. आणि ही सरगम? १, ४, ६, ८, १०, ११. वरच्या सा चं बारावं घर सोडलं तर एकही पाऊल ठिपक्यावर पडत नाही! अनोळखी गावात उतरावं आणि रस्त्यावरच्या एकाही पाटीचा उपयोग होऊ नये, अशी अवस्था.

पहिल्या आठवड्यात बोटांचीच बोंब. फ्रेट १ ला पहिलं बोट आणि ४ ला करंगळी. दांडीच्या टोकाला घरं मोठमोठी असतात, पुढे ती लहान होत जातात. त्यामुळे सुरुवातीचाच ताण सगळ्यात जास्त. करंगळी पोहोचायची ती थरथरत. तार नीट दाबली नाही की ‘खर्रर्र’ असा आवाज. बोटांची टोकं लाल झाली, मग त्यांना घट्टे पडले. पोळी उलटताना एरवी चटका बसतो, तो बसेनासा झाला, हा त्यातला फायदा!

मग हाताच्या तीन उड्या ठरवल्या. १ आणि ४ ही पहिली जागा. हात उचलून ६ आणि ८ ही दुसरी. पुन्हा उचलून १०, ११, १२ ही तिसरी. सर म्हणाले, मेट्रोनोम लावा. मेट्रोनोम म्हणजे ठरलेल्या वेगानं टकटक करणारं यंत्र, हल्ली मोबाइलमध्येच मिळतं. मिनिटाला साठ टकटक आणि प्रत्येक टकटकीला एक सूर. मला जमेना. चाळीसवर आणलं. तरी आठव्या घरापाशी मी हमखास अडखळायचे.

का, ते बऱ्याच दिवसांनी कळलं. सहा आणि आठच्या मध्ये सात आहे. सात म्हणजे पंचम! लहानपणापासून ऐकलेल्या आरत्या, ओव्या, शाळेतल्या प्रार्थना... सा लागला की कान आपोआप पंचम शोधतो. सा नंतरचा आपला सगळ्यात भरवशाचा सूर तो. माझं बोट मला न विचारता सातव्या घराकडं घसरायचं, वर तिथं ठिपकाही आहेच बोलवायला!

आणखी एक घोळ होता. गिटारची दुसरी तार मोकळी वाजली की, पहिल्या तारेच्या सा ला ती पंचमच लागते. वाजवताना तिला धक्का लागला की ती गुणगुणायला लागायची आणि माझी सरगम बिनसायची. शेवटी तिच्यावर मी अलगद बोट ठेवून तिला गप्प केलं. सगळ्यात जाड, सहावी तार मात्र सा चीच, दोन सप्तकं खालची. ती अंगठ्यानं छेडून ठेवायची, तानपुऱ्यासारखी. म्हणजे सा हलत नाही.

हे सगळं करूनही आठवं घर पक्कं होईना. तेव्हा सर म्हणाले, ‘‘काकू, आधी गा. मग वाजवा.’’

माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, ‘‘मला गळा नाही.’’

‘‘गळा कोण मागतंय? सूर आधी मनात यायला हवा, नाहीतर बोट त्याला कुठं शोधणार? नुसतं ‘आ’ म्हणा.’’

त्या दिवशी तशीच घरी आले. दुपारी सासूबाई झोपल्यावर मागच्या खोलीचं दार लावलं, जाड तार छेडली आणि ‘आ’ म्हटलं. तीस वर्षांनी. आवाज एवढासा आणि फाटका. सा लागला. कोमल रे जेमतेम. गंधाराची उडी चुकली. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकली. मग गिटारवर चौथं घर दाबून ऐकलं आणि त्याच्यामागून गेले. असं पंधरा-वीस वेळा झालं असेल. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. मी चुकत होते, पण चुकले कुठं ते मला कळत होतं. जिला सूर कळत नाही तिला चूक तरी कशी कळेल? म्हणजे कान होता. तो आधीपासून होता. आठवीत कुणी मला एवढंच सांगितलं असतं की ‘जरा थांब, ऐक, पुन्हा म्हण’, तर...

असो.

रोज वीस मिनिटं. दूध तापेपर्यंत पाच, दुपारी पंधरा. चढायला जवळजवळ दोन महिने लागले. उतरायला त्याहून जास्त, कारण उतरताना सहाव्या घराऐवजी पाचव्यावर यायचं हे हाताला पटेचना.

पेटीवाल्या आजी म्हणाल्या...

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या आजी आहेत. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, डोळ्यांना कमी दिसतं, पण पट्ट्यांवरची बोटं अजून चुकत नाहीत. त्यांना मी सरगम वाजवून दाखवली. मनात म्हटलं, आता त्या कानावर हात ठेवणार.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ‘‘परत वाजव.’’ परत वाजवलं. म्हणाल्या, ‘‘अगं, यात पंचम कुठाय?’’ मी म्हटलं, नाहीच आहे. ‘‘मग बरोबर आहे. उतरताना तर हे ललितासारखं वाटतंय. पहाटेचं.’’

मी बघतच राहिले. खरंच की! ललित रागात पंचम वर्ज्य आहे. कोमल रे, शुद्ध ग, दोन्ही मध्यम, बहुतेक गायक घेतात तो कोमल धैवत, आणि शुद्ध निषाद. इटलीतल्या प्राध्यापकांच्या कोड्यातले सूर मोजले, तर ललितापेक्षा फक्त एक कोमल निषाद जास्त! अर्थात म्हणून हा ललित नव्हे. ललितात दोन मध्यम एकमेकांना लागून येतात, त्यातच त्याचा जीव. इथं एक चढताना येतो, दुसरा उतरताना. आणि राग म्हणजे नुसती सुरांची यादी नसते, त्याला चाल असते, वेळ असते, स्वभाव असतो. पण जे मला परग्रहावरचं वाटलं होतं, त्याची चुलत भावंडं आपल्याच घरात निघाली! मारव्यात पंचम नाही, पूरियात नाही, मालकंसात नाही. आजींनी आणखी सांगितलं की अशा रागांना तानपुऱ्याची पहिली तारही पंचमात लावत नाहीत. ललिताला मध्यमात लावतात, मारव्याला निषादात. मग मीही मोबाइलच्या तानपुऱ्यावर ‘प’ च्या जागी ‘नि’ लावला. रियाजातला निम्मा त्रास गेला.

आपल्याकडे सुरांचा हिशेब पूर्वीपासून मांडलेला आहे. दक्षिणेत वेंकटमखींनी सतराव्या शतकात ७२ मेळ सांगितले. भातखंडे यांनी उत्तरेकडच्या रागांसाठी दहा थाट ठरवले. त्या ७२ मेळांत सा आणि प जागचे हलत नाहीत, म्हणून पंचम नसलेला हा जिना त्यांत बसतच नाही. युरोपात फेर्रुच्चो बुसोनी या पियानोवादकानं १९०७ च्या आपल्या पुस्तकात सूर वर-खाली करून सात सुरांच्या ११३ सरगमी होतात, असं लिहिलं. म्हणजे एकशे तेरा जिने! आपण आयुष्यभर त्यांतल्या दहा-पंधरांवरून ये-जा करतो आणि बाकीच्यांना बेसूर म्हणून मोकळे होतो.

व्हर्दीनं कोडं कसं सोडवलं?

एवढं झाल्यावर सरांनी मला व्हर्दीची ती प्रार्थना मोबाइलवर ऐकवली. आधी मला सरगम सापडेचना. सर म्हणाले, ‘‘सगळ्यात खालचा आवाज ऐका.’’ आणि सापडली!

व्हर्दीनं त्या विचित्र सुरांना लपवलं नाही की गुळगुळीत केलं नाही. चार आवाजांपैकी एकानं ती सरगम लांब लांब सुरांत, सावकाश, चढायची आणि उतरायची. तोवर बाकीच्या तिघांनी भोवतीनं गायचं. मग दुसऱ्या आवाजाची पाळी, मग तिसऱ्याची, मग चौथ्याची. सरगम तीच, पण भोवतीची साथ दर वेळी वेगळी. जो सूर एकटा ऐकताना दातात खडा आल्यासारखा वाटतो, तोच या सोबतीत असा काही वाटतो की, त्याच्या जागी दुसरा सूर असूच नये.

सरांनी ते मला गिटारवर करूनच दाखवलं. मी पहिल्या तारेवर एकेक सूर धरायचा आणि त्याखाली त्यांनी त्यांच्या गिटारवर कॉर्ड वाजवायची. कॉर्ड म्हणजे तीन-चार सुरांचा एकत्र मेळ. माझं नावडतं आठवं घर आलं, कोमल धैवत. त्याच्याखाली सरांनी ए मायनर ही कॉर्ड वाजवली. आणि काय सांगू! दोन महिने ज्या सुरानं छळलं, तो माहेरी आल्यासारखा बसला. सूर तोच होता, माझं बोटही तिथंच होतं. फक्त खालून कुणीतरी आधार दिला होता.

त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. सारखी ती तिसरी रांग आठवत होती.

सगळ्यांनाच नवीन

गावातल्या मुलींच्या वसतिगृहात मी दर शनिवारी जाते. एरवी अभ्यास, आरोग्य, फॉर्म भरणं, घरून आलेल्या निरोपांचं रडू पुसणं, अशी कामं. तिथं नववीतली एक मुलगी आहे. आवाज घोगरा, मुलांसारखा जाड. प्रार्थनेला ती मागे उभी राहते आणि... तुम्ही ओळखलं असेल. ओठ हलवते. तिला असं कुणी सांगितलं, की तिनंच ठरवलं, ते मी विचारलं नाही. विचारून ती थोडीच सांगणार होती?

गेल्या महिन्यात मी गिटार घेऊनच गेले. म्हटलं, आज एक नवीन सरगम शिकू. मला आता कुठं यायला लागलीय, तुम्हाला तर कुणालाच येत नाही. मी जाड तार छेडली आणि मुलींनी सा धरला. एरवी गोड गाणाऱ्या, बक्षिसं मिळवणाऱ्या मुली पुढं होत्या. तिसऱ्या सुराच्या उडीला त्या गडबडल्या आणि पुढं तर सरळ पंचमावरच जाऊन बसल्या! खोलीभर हशा. पण त्या हसण्यात टोचणी नव्हती, कारण चुकत होत्या सगळ्याच. अनोळखी सरगमीचा हा मोठा गुण आहे. तिथं कुणी आधीपासून हुशार नसतं.

मग मी त्यांना व्हर्दीची गोष्ट सांगितली. म्हटलं, या गाण्यात हा जिना सगळ्यात आधी कुणाच्या वाट्याला येतो माहितीये? सगळ्यात जाड आवाजाच्या. खालचा आवाज भक्कम असला की बाकीच्यांना त्याच्यावर उभं राहता येतं. आणि मागच्या रांगेकडं बघून म्हटलं, ‘‘तू ये. तुझा आवाज खालचा आहे. तो मला हवाय.’’

ती आली. बाकीच्यांनी ‘आ’ करून सा धरून ठेवला. मी एकेक घर दाबत गेले आणि ती माझ्या मागून. कोमल रे लागला. गंधाराला तिनं एकदा चुकवलं. मी थांबले, म्हटलं, ऐक, पुन्हा म्हण. लागला. तीव्र मध्यम लागला. आणि आठवं घर... ते तिनं पहिल्या फटक्यात घेतलं! मला दोन महिने लागलेलं घर. तिच्या आवाजात तो सूर जड, मातीसारखा वाटत होता. ती गात असताना मी तिच्या ओठांकडं बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते, आजींसारखी.

कोमल निषादाशी तिचा श्वास संपला. तिथंच थांबली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांचे श्वास सा धरून संपत आले होते! जरा दम खाऊन ती म्हणाली, ‘‘मावशी, राहिलेले दोन?’’

राहिलेले दोन आम्ही त्याच दुपारी घेतले. निघताना सगळ्या मुली जिन्यावर उभ्या राहून तीच वाकडी सरगम म्हणत होत्या, कुणी बरोबर, कुणी चूक. खाली रेक्टरबाईंनी विचारलं, ‘‘हे काय बेसूर चाललंय?’’

मी म्हटलं, ‘‘बेसूर नाही हो. नवीन आहे.’’

येत्या शनिवारी उतरायचं शिकायचं आहे. उतरताना सहावं नाही, पाचवं घर, हे तिला मी आधीच सांगून ठेवलंय.